केंटची शिट्टी

ऑरिन टिबेट्सला कशाचीही वाट बघणं जमत नसे. भट्टीतून केक बाहेर आला की हा सुरी घेऊन उभाच. खरबुजाचं बी पेरलं की दोन दिवसांत बोटाने माती उकरून बघायचा, कोंब फुटला का. अशा माणसाने निवृत्तीनंतर छंद कोणता धरावा, तर जुनी स्लॉट मशीनं, म्हणजे नाणं घालून दांडा ओढायची जुगाराची यंत्रं, दुरुस्त करण्याचा, ज्यात उतावळ्या माणसाचं एक काम धड होत नाही. त्याची बायको वेल्डा म्हणायची, "देवाने शिक्षा म्हणून लावलाय तुला हा छंद. भोग आता."

गॅरेजमध्ये मशीनं पुष्कळ होती, पण घरात एकच होतं, पुढच्या खोलीत खिडकीला लागून. ते त्यांच्या मुलाने, केंटने, आईला वाढदिवसाला दिलेलं. केंट रीनोच्या एका कॅसिनोत हीच मशीनं सांभाळायच्या नोकरीवर होता. मोडीत निघालेलं एक त्याने घरी आणलं, घासूनपुसून लखलखीत केलं आणि आत एक गंमत करून ठेवली. फिरत्या चाकांवर तीन घंटांची चित्रं ओळीत आली की कंपनीची ठरावीक धून वाजायची, त्या जागी त्याने स्वतःची शिट्टी घातली. कालव्याच्या रस्त्यावरून घराकडे वळताना तो जी शिट्टी वाजवायचा ती. शाळेत होता तेव्हापासून तीच. ती ऐकली की कुत्रं दाराशी जायचं आणि वेल्डा तवा चुलीवर ठेवायची. मशीनच्या आवाजात ती सर्दी झाल्यासारखी यायची, पण होती हुबेहूब त्याचीच, मधला तो लाडात आल्यासारखा झोकसुद्धा.

पुढे डोंगरातल्या ऑस्टिन गावाजवळच्या घाटात बर्फावरून केंटची गाडी घसरली आणि तो गेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून वेल्डा रोज दुपारी मशीनपुढे बसायची, वाडग्यातली नाणी घालायची, दांडा ओढायची. कधी शिट्टी लगेच वाजायची, कधी सगळी दुपार कोरडी जायची. ऑरिन गॅरेजमध्ये असायचा, पण ती वाजली की त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबायचा. ती टेपवर किंवा फोनवर उतरवून ठेवावी, असं दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. रोज कानावर पडणारी गोष्ट एक दिवस बंद होईल, असं कुणाला वाटतं?

त्या हिवाळ्यात वेल्डाचा कर्करोग हाडांत उतरला. डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी पाठवलं. फार तर तीन आठवडे, असं त्यांनी ऑरिनला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा पलंग पुढच्या खोलीत, मशीनशेजारी लावला. आता नाणं ऑरिन घालायचा, दांडाही तोच ओढायचा, ती पडल्या पडल्या बघायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात मशीन बिघडलं. तीन घंटा जुळल्या, दिवे लागले आणि शिट्टीच्या जागी बेडूक डरावल्यासारखा आवाज आला. पुढच्या वेळी तोही नाही.

"काय झालं रे त्याला?" वेल्डाने विचारलं.

"काही नाही. बघतो मी," ऑरिन म्हणाला. आणि मशीनची पाठ उघडून त्याने शिट्टी साठवलेली चिप काढली.

या छंदातला त्याचा गुरू म्हणा, दोस्त म्हणा, एकच होता, गास्पर एरेका. समुद्रापलीकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घराण्यातला, नजर अधू झालेला, पण तोंडाने अजून तिखट. तो मटणाचा रस्सा आणि पाव घेऊन आला, वेल्डाशी चार थट्टेच्या गोष्टी बोलला आणि मग गॅरेजमध्ये येऊन त्याने भिंगाखाली ती चिप धरली. चिपच्या पाठीवरच्या इवल्याशा काचेवर केंटने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. उजेड आत गेला तर चिपवरचं लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून.

"म्हातारी झालीय रे," गास्पर म्हणाला. "आपल्यासारखीच. विसरायला लागलीय. पण अजून सगळं विसरलेली नाही. आत्ताच वाचून काढलं आणि कोऱ्या चिपवर उतरवलं, तर पोराची शिट्टी वाचेल."

"मग वाचू या."

"कशाने वाचतोस? तुझा बर्नर तर तू गेल्या वर्षी जाळलास. घाईघाईत उलटी चिप बसवून."

चिपमधलं वाचणाऱ्या आणि कोऱ्या चिपवर लिहिणाऱ्या यंत्राला ही मंडळी बर्नर म्हणत. गास्परचा स्वतःचा बर्नर होता, पण तो एल्को गावच्या मेलविनने नेला होता. मेलविन थंडीत ॲरिझोनाला जाऊन राहायचा आणि बर्नर होता त्याच्या कुलूपबंद शेडमध्ये.

"किल्ली?"

"ॲरिझोनात. मेलविनच्या खिशात."

"मी एक छोटा बघून ठेवलाय," ऑरिन म्हणाला. "साबणाच्या डबीएवढा. स्वस्तातला. चार दिवसांत पोस्टाने येतो. सगळे तोच घेतात हल्ली."

गास्परने भिंग खाली ठेवलं. "घेऊ देत की. त्यांच्या चिपा मेल्या तर दुसऱ्या मिळतात. तुझी ही जगात एकच आहे. ऐक, माझं ते खोकं दिसायला चुलीएवढं अवजड, पण स्वभावाने भित्रं. चिप बसवली की आधी एकेका पायाला हात लावून बघतं. एक पाय जरी नीट टेकला नसेल, तर हटून बसतं, काम सुरूच करत नाही. शिवाय विजेचा दाब कमीजास्त करून पुसट झालेलंही वाचतं. तुझी साबणाची डबी डोळे मिटून धावते. जे लागलं हाताला ते खरं."

"मेलविन कधी येतोय?"

"घाटातलं बर्फ गेलं की. पाच-सहा आठवडे धर."

"वेल्डाला तेवढे दिवस दिलेले नाहीत गास्पर."

डोक्यावर टोपी चढवून गास्पर दारापर्यंत गेला, तिथून वळला. "मागवायचीच तर मागव. पण ती वाचायलाच वापर. त्या चिपवर लिहायचं नाही. काही झालं तरी नाही. कळलं का?"

"कळलं."

खरं सांगायचं तर ऑरिनच्या या घाईला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. त्याने छोटा बर्नर मागवला, सोबत कोऱ्या चिपांची पुडीही मागवली आणि पुढच्या खोलीत जाऊन वेल्डाला सांगितलं, "यंत्र येतंय पोस्टाने. आलं की शिट्टी परत वाजणार."

वेल्डाने डोळे मोठे केले. "खरं?"

"अगदी खरं."

त्या दिवसापासून तिने औषध बंद केलं. दुखणं शमवायला जिभेखाली घालायचे थेंब असायचे. ते घेतले की ती दिवसदिवस गुंगीत पडायची. घरी येणारी नर्स मारिसेल थेंबांची बाटली घेऊन बसली तेव्हा वेल्डाने ओठ घट्ट मिटले.

"मिसेस टिबेट्स, असं काय करता? दुखतंय ना?"

"दुखतंय तर दुखू दे. पोरगं शिट्टी घालणार आणि मी घोरत पडणार? नको बाई."

मारिसेलने ऑरिनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पोस्टाच्या गाडीची वाट बघत होता.

डबी आली त्या दिवशी वेल्डाला दुपारी झोप लागली होती. रात्रभर कण्हून दमलेली. ऑरिनने ठरवलं, ती उठेपर्यंत शिट्टी तयार ठेवायची, तिला चकित करायचं. गॅरेजचं दार लावून तो कामाला बसला. चिप बसवली, वाचली. न काढताच पुन्हा वाचली. दोन्ही वाचनं शब्दाला शब्द जुळली. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच टाळी वाजवून हसला. मग कोरी चिप लावली, तर ती लिहूनच घेईना. दुसरी लावली, तीही नाही. सगळी पुडीच तशी निघाली, कुठल्यातरी भंगारातून उपटून पुसून विकलेली.

आता नवी पुडी मागवायची म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. भिंतीपलीकडे वेल्डा झोपेत कण्हली. ऑरिनला एक युक्ती ठाऊक होती. छंदवाल्या मंडळींत ती सगळ्यांनाच ठाऊक असते. चिप पुसट झाली असेल तर तिचंच वाचलेलं तिच्यावरच पुन्हा लिहायचं, म्हणजे अक्षरं गडद होतात. गास्परचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण वाचन दोनदा जुळलं होतं. मग हरकत काय?

आणि लिहायच्या आधी त्याने ते केलं जे नीटनेटका कारागीर करतोच. चिप काढली, तिचे पाय खोडरबराने घासून चकचकीत केले आणि परत बसवली. मग बटण दाबलं.

डबीवर तांबडा दिवा लागला.

त्याने पुन्हा वाचून बघितलं. आणखी एकदा बघितलं. कुठे काय झालं हे कळायला त्याला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो स्टुलावरून उठलाच नाही. चिपच्या एका पायावर गंज चढला होता. तो पाय टेकत नव्हता, म्हणून पहिल्या दोन्ही वेळी डबीने अर्धीच चिप वाचली होती, तोच अर्धा भाग दोनदा. पुस्तकाचा पूर्वार्ध वाचावा आणि उत्तरार्ध म्हणून पुन्हा पूर्वार्धच वाचावा तसं. दोन वाचनं जुळणारच, दोन्ही सारखीच चुकलेली होती. मग त्याने पाय घासले, गंज गेला, पाय टेकला, आणि पूर्वार्ध उत्तरार्धाच्या पानांवर छापला गेला. शिट्टी उत्तरार्धात होती. पाय घासले नसते तरी चाललं असतं, पूर्वार्धच पूर्वार्धावर पुन्हा लिहिला गेला असता. आधीच घासले असते तर सगळंच निभावलं असतं.

"ऑरिन!" आतून हाक आली. "पोस्ट आलं का रे?"

तो दारात जाऊन उभा राहिला. ती उशीवर कोपर टेकून उठायला बघत होती. केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळ्यांत ती आशा.

"नाही गं," तो म्हणाला. "वाटेत अडकलंय म्हणे. बर्फामुळे."

"येईल," वेल्डा म्हणाली. "मी आहे."

ते खोटं त्याने ठरवून बोललेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघालं आणि मग रोज बोलावं लागलं. सोमवारी रस्ता बंद होता, मंगळवारी पत्ता चुकला होता, नंतर पार्सल रीनोत पडून होतं. डॉक्टरांचे तीन आठवडे संपले. वेल्डा गेली नाही. शेजारच्या बायका रांधलेलं आणून देत आणि म्हणत, बाई चिवट हो. गावाजवळच्या हवाई तळावरची विमानं छपरावरून गडगडत गेली की तिच्या हाडाहाडांतून कळ उठायची, ती चादरीचा बोळा दातांत धरायची आणि आवाज गेला की विचारायची, "आलं का?"

एका दुपारी मारिसेलने ऑरिनला स्वयंपाकघरात गाठलं.

"मिस्टर टिबेट्स, रागावू नका. मी पुष्कळ माणसं जाताना बघितलीत. कधी कधी माणूस कशासाठी तरी अडून राहतं. मुलगी यायची असते, नातवाचं लग्न असतं. मिसेस टिबेट्स त्या शिट्टीचं काय म्हणतात, मला नीट कळत नाही. पण जे आहे ते लवकर होऊ द्या. औषधाशिवाय हे दुखणं... माझ्याच्याने बघवत नाही."

ऑरिन भांडी विसळत राहिला. धुतलेलीच भांडी त्याने पुन्हा धुतली. सांगून टाकावं असं शंभर वेळा मनात आलं होतं. पण सांगितलं तर काय होईल, याचाच त्याला धाक होता. शिट्टीसाठी ती जगतेय, मग शिट्टी नाही म्हटल्यावर? आपल्या एका वाक्याने ती जाईल, असं त्याला वाटत होतं, आणि ते वाक्य त्याला उच्चारवत नव्हतं. तो तिला राखून ठेवत होता, तिच्याच दुखण्याच्या खर्चाने. हे त्याला कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्याची बाजू घेणं होईल.

घाटातलं बर्फ वितळलं. एके सकाळी अंगणात मेलविनची गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून गास्पर उतरला, दोन्ही हातांनी ते अवजड खोकं पोटाशी धरून. मेलविन त्याला सोडून पुढे गावात गेला. गास्परला धीर कुठला? तो गॅरेजकडे न जाता सरळ पुढच्या खोलीत शिरला.

"वेल्डा! अगं उठ, बघ कोण आलंय! आलं बरं का तुझं खोकं! अख्खा हिवाळा कुलपात काढलाय याने, पण आलं!"

वेल्डा उठून बसली. मदतीशिवाय. इतक्या आठवड्यांत ती कधी बसली नव्हती. "आलं?" ती म्हणाली, आणि हसली. "ऑरिन, ऐकलंस? आलं!"

ऑरिन भिंतीला टेकून उभा होता. त्याने गास्परच्या दंडाला धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच गॅरेजमध्ये नेलं.

"अरे, हळू! पाडशील मला. चिप कुठाय?"

ऑरिनने ती त्याच्या तळहातावर ठेवली. काळी पट्टी अजून तशीच होती. गास्परने ती बसवली, खोक्याने एकेक पाय चाचपला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर आकड्यांच्या रांगा उमटल्या. गास्पर डोळे पडद्याला लावून वाचत गेला. अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला.

"हिच्यावर लिहिलंस तू."

ऑरिनने मान हलवली.

"कधी?"

"डबी आली त्याच दिवशी."

"म्हणजे महिना झाला." गास्परने खोकं बंद केलं. त्याच्या तोंडातून शिवी येईल असं ऑरिनला वाटलं. यावी असंही वाटलं. ती आली नाही. "आणि तिला काय सांगितलंस?"

"पार्सल वाटेत आहे."

"महिनाभर?"

"महिनाभर."

गास्पर उलट्या बादलीवर बसला. "मी सांगू तिला?" त्याने विचारलं. "माझ्या हातून खराब झालं म्हणतो. मला काय, शिव्याच देईल."

"नको," ऑरिन म्हणाला. "आणखी एक खोटं नको."

तो आत आला. वेल्डा तशीच बसून होती, दोन्ही हात गादीवर रोवून. कपाळावर घामाचे थेंब होते, पण नजर मशीनवर. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगितलं. डबी कधी आली, पाय कसा टेकला नाही, आपण काय दाबलं. सांगताना तिच्याकडे न बघता तो गादीच्या शिवणीकडे बघत होता. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"गास्पर थांब म्हणाला होता?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"तू थांबला नाहीस."

"नाही."

"मी थांबले, ऑरिन." तिचा आवाज वर गेला नाही. वर गेला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "रात्रभर दात आवळून थांबले. उद्या येईल, परवा येईल म्हणून. तू रोज माझ्यासमोर उभा राहून सांगत होतास."

"मला वाटलं, सांगितलं तर तू जाशील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता, कीव होती आणि इतक्या वर्षांच्या संसाराची ओळखही होती. मग तिचे हात गादीवरून सुटले. त्याने तिला धरून उशीवर निजवलं. ती किती हलकी झाली होती, ते त्याला त्या वेळी कळलं.

"तुला येते का रे ती?" तिने विचारलं. "शिट्टी?"

त्याने ओठ मुडपले, फुंकर घातली. सुरुवात त्याला येत होती, किंवा येते असं वाटत होतं. तोंडातून नुसती हवा गेली. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा दोन सूर लागले आणि तिसरा कुठला, ते त्याला आठवेना. इतकी वर्षं ऐकलेली, आणि आठवेना.

"राहू दे," वेल्डा म्हणाली. "तशी नाहीय ती." तिने डोळे मिटले. "ते थेंब आण."

"मारिसेलला बोलावू?"

"तिला कशाला? तूच दे. आता कशासाठी जागी राहू मी?"

तो उठला. बाटली औषधांच्या ट्रेमध्ये होती, एवढे दिवस न उघडलेली. ड्रॉपरमध्ये औषध ओढताना दोनदा सांडलं. तिने तोंड उघडलं, जीभ उचलली, आणि त्याने मारिसेलने शिकवलं होतं तसे थेंब सोडले. मग तिचा हात हातात घेऊन बसला. तिने हात काढून घेतला नाही, पण त्याचा हात धरलाही नाही. गास्पर खोकं घेऊन मागच्या दाराने निघून गेला, तेही त्याला कळलं नाही.

हळूहळू तिचा श्वास लांब होत गेला. आवळलेला जबडा सुटला. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक खोल आठी होती. ऑरिनला इतके दिवस ती म्हातारपणाची वाटत होती, पण ती दुखण्याने आलेली होती. ती विरली आणि कपाळ पहिल्यासारखं झालं. त्या कपाळाकडे बघता बघता, महिनाभर आपण तिला काय सोसायला लावलं, ते त्याला डोळ्यांनी दिसलं.